डाउनलोडच्या काळात सीडी छापावी का? तुळजापूरच्या एका दुकानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. तुळजापुरात मंदिराच्या वाटेवर पूजासाहित्याचं आणि गाण्यांचं दुकान आहे. आधी कॅसेटी खपायच्या, मग सीडी. आता हजारेक सीडी धूळ खात पडल्या आहेत. देवीची गाणी गाणाऱ्या ओळखीच्या आराधी मंडळानं आठ नवी गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत आणि दुकानदारानं त्यात पैसे घालावेत असा त्यांचा आग्रह आहे. हजार सीडी छापायच्या, पेनड्राइव्ह करायचे, की गाणी नेटवर टाकून मोकळं व्हायचं?

हजार छापू नका. शंभर सीडी, तीस-चाळीस पेनड्राइव्ह, आणि गाणी नेटवर आधीच चढवलेली, एवढंच करा. कारण समजून घेतलं तर पुढच्या मंडळाला काय सांगायचं तेही कळेल.

तुमच्या दुकानातली सीडी दोन कामं करायची. गाणं घरापर्यंत पोचवायची, आणि आईच्या दर्शनाला जाऊन आल्याची खूण म्हणून कुंकू, परडी, पोत यांच्या सोबत पिशवीत जायची. डाउनलोडनं पहिलं काम पूर्ण हिरावून घेतलं. दुसऱ्याला त्यानं हातही लावलेला नाही. तुमचा धंदा आता फक्त दुसऱ्या कामावर चालणार आहे, आणि त्या कामाला हजार नग लागत नाहीत.

पहिलं काम कसं गेलं ते आकड्यांतच दिसतं. सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट घेतो, म्हणजे मिनिटाला दहा एमबीच्या वर. तेच गाणं १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये मिनिटाला एका एमबीत बसतं. गाणं दहा पटींनी हलकं झालं, म्हणून ते तारेतून जाऊ लागलं. १९९९मध्ये नेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅप्स्टर आलं आणि २००१मध्ये कोर्टाच्या दणक्यानं बंद पडलं. २००३मध्ये ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरनं एक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं. अमेरिकेतली सीडीची विक्री २०००च्या सुमाराला शिखरावर होती, तिथून ती घसरतच गेली. खरा घाव चोरीनं घातला त्याहून खोल सुट्या गाण्यानं घातला. एका आवडत्या गाण्यासाठी अख्ख्या अल्बमचे पैसे मोजायची सक्ती संपली.

आपल्याकडे हेच झालं, पण वेगळ्या वाटेनं. पैसे देऊन डाउनलोड करणारं गिऱ्हाईक मराठवाड्यात कधी उभंच राहिलं नाही. आयट्यून्स स्टोअर भारतात आलं २०१२च्या डिसेंबरात. तोवर बसस्टँडसमोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी कधीच लागलेली होती. त्याआधी फुटपाथवरची एमपी३ सीडी होती. ७०० एमबीच्या एका तबकडीत पाच-पाच मिनिटांची एकशे चाळीसेक गाणी मावायची, म्हणजे बारा तास वाजणारा माल. ज्या सीडीत आठ गाणी होती तिचा हिशेब तिथेच संपला. मग चिप, म्हणजे मोबाइलचं मेमरी कार्ड आलं, कार्ड रीडर आला, आणि २०१६च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर चिप भरून घ्यायचीही गरज उरली नाही. तात्पर्य, डाउनलोड हासुद्धा वाटेतला थांबाच ठरला. अमेरिकेतही पैसे देऊन केलेल्या डाउनलोडची कमाई २०१२नंतर उतरत गेली आणि जागा स्ट्रीमिंगनं घेतली. त्यामुळे ‘आपण डाउनलोड विकू’ असा कुणी सल्ला दिला तर तो दहा वर्षं उशिरा आला आहे असं समजा.

तबकड्या परत येत आहेत असं तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत २०२०मध्ये विनाइल रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, हे खरं आहे. ती रेकॉर्ड घेणारा माणूस गाणं फोनवर ऐकतो आणि तबकडी हौसेनं घेतो. म्हणजे तिथेही वस्तूचं दुसरंच काम शिल्लक राहिलं. पण त्यावरून तुळजापुरात विनाइल छापायला कुणी निघू नये.

आता घेणारं गिऱ्हाईक कोण उरलं ते पाहा. दर्शनाला आलेल्या जीपचा, टेम्पोचा, ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर, ज्याच्या डेकला यूएसबीचं तोंड आहे. गावाकडचा मंदिराचा पुजारी, ज्याच्या ॲम्प्लिफायरवर पेनड्राइव्ह लागतो आणि पहाटे भोंग्यावर काही तरी वाजवायचं असतं. फोनवर शोधता न येणारी म्हातारी माणसं. सारेगामानं २०१७मध्ये पाच हजार गाणी भरलेला कारवां हा रेडिओसारखा संच काढला तो याच माणसांसाठी, आणि त्यात विकली गेली ती ‘शोधायला नको’ ही सोय. शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे मंडळाचेच भाऊबंद आणि यजमान, ज्यांना कव्हरवरचा फोटो हवा असतो. सीडी फक्त या शेवटच्यांसाठी. बाकी सगळ्यांना पेनड्राइव्ह.

शंभरच का, याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्याकडचे भाव घालून पुन्हा करा. समजा पाचशे सीडी साच्यातून काढल्या, नगाला २८ रुपये, वर डिझाइन आणि मास्टरचे ६,०००, एकूण २०,०००. किंमत ८० ठेवली आणि पालवाल्याला (यात्रेत तंबू ठोकून विकणाऱ्याला) तीस टक्के दिले तर हातात ५६ येतात. भांडवल सुटायला ३५८ नग गेले पाहिजेत. दीडशे गेले तर ११,६०० बुडाले. उलट शंभर नग ४५ रुपयांनी, डिझाइनचे २,००० धरून ६,५००. यांना ८० किंमत परवडत नाही, १०० ठेवावी लागते, हातात ७०. ऐंशी गेले तरी खोट ९०० रुपयांची. थोड्या नगांची किंमत जास्त ठेवायला संकोच करू नका. खूण म्हणून नेणारा माणूस वीस रुपयांसाठी परत फिरत नाही.

दर वेगळा का, तर रीत वेगळी. मोठ्या लॉटमध्ये काचेच्या मास्टरवरून धातूचा साचा बनतो आणि वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर ठसा उमटतो. शंभराच्या लॉटमध्ये कोऱ्या सीडीवर लेझरनं बर्न करतात. तिथे माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि हा थर उन्हाला घाबरतो. वैशाखात दर्शनी काचेत ठेवलेली बर्न केलेली सीडी दिवाळीला अडकू लागली तर नवल नाही. काउंटरवर फक्त रिकामं कव्हर ठेवा, माल आत कपाटात. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, पण माहितीचा थर चकचकीत बाजूला नसून छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुसून निघतो, वरच्या बाजूचा कायमचा. म्हणून छापील बाजूवर बॉलपेननं किंमत लिहू नका आणि कागदी स्टिकरही लावू नका. स्टिकर एका बाजूनं सुटला की तबकडी फिरताना थरथरते. बर्न करून घेताना वेग १६एक्सच्या वर नको, डिस्क-ॲट-वन्स पद्धत (सगळी सीडी एका दमात) आणि शेवटी फायनलाइज (बंद) केलेली हवी. फायनलाइज न केलेली सीडी दुकानातल्या संगणकावर वाजते आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या डेकवर वाजत नाही, मग भांडण तुमच्या काउंटरवर येतं.

पेनड्राइव्हकडे जास्त लक्ष द्या, खरा खप तिथे आहे आणि घोळही तिथेच होतात. आठ गाण्यांसाठी पेनड्राइव्हचे पैसे कुणी देणार नाही. मंडळाकडे स्वतःचं जुनं ध्वनिमुद्रण असतंच: रात्रभराचा गोंधळ, जोगवा, आरत्या. नवी आठ गाणी आणि वर चार-पाच तासांचा हा माल, अशी बांधणी करा. १९२ किलोबिटला मिनिटाला १.४४ एमबी लागतात, म्हणजे सहा तासांना सव्वापाचशे एमबीसुद्धा लागत नाहीत. त्यामुळे मिळेल तो सर्वांत लहान पेनड्राइव्ह घ्या, पण बनावट क्षमतेचा नको. स्वस्त लॉटमध्ये वर १६ जीबी लिहिलेलं आणि आत ४ असलेले नग येतात. फाइली चढताना काही कळत नाही. खऱ्या क्षमतेपलीकडे गेलेली गाणी नंतर मुकी होतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यानं लॉटमधले निदान पाच नग पूर्ण भरून तपासा.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट, म्हणजे त्यावर फाइली मांडायची पद्धत, एफएटी३२ हवा. ३२ जीबीच्या वरचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, आणि जीपच्या डेकला किंवा मंदिराच्या ॲम्प्लिफायरवरच्या यूएसबीच्या पट्टीला ते दिसतच नाहीत. फाइल एमपी३च, ठरावीक बिटरेटची, ४४.१ किलोहर्ट्झची. एमफोरए फाइल यातल्या पुष्कळ पट्ट्या वाजवत नाहीत. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा आणि सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजीतले. देवनागरी नावाच्या जागी डेकच्या पडद्यावर चौकोन उमटतात. क्रमाचा एक छुपा नियम आहे. कितीतरी डेक नावाचा क्रम पाहत नाहीत, फाइल ज्या क्रमानं पेनड्राइव्हवर चढली त्याच क्रमानं वाजवतात. सगळी गाणी एकदम निवडून ओढली तर आरती मधेच लागते. कोऱ्या पेनड्राइव्हवर एकामागून एक चढवा. चाळीस नगांना हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा नीट बसवलेल्या नगाची इमेज (हुबेहूब नक्कल) काढून तीच बाकीच्यांवर उतरवता येते.

भोंग्याचा विचार ध्वनिमुद्रणवाला सहसा करत नाही. मंदिराचा भोंगा एकाच वाहिनीवर वाजतो आणि जाड, खालचा आवाज त्यातून जवळजवळ निघतच नाही. स्टुडिओत संबळ डावीकडे आणि तुणतुणं उजवीकडे वाटलेलं असेल तर गावात अर्धी साथ गायब होईल. स्टुडिओकडून मोनो मिश्रण वेगळं मागून घ्या आणि पेनड्राइव्हवर तेच भरा. नेटवर मात्र स्टिरिओ.

कुणी कॉपी करू नये म्हणून कुलूप घालू का, हा प्रश्न येणारच. घालू नका. २००५मध्ये सोनी बीएमजीनं सीडीवर कॉपीबंदीचं सॉफ्टवेअर घातलं, ते गिऱ्हाइकांच्या संगणकात गुपचूप शिरत होतं, आणि शेवटी कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. तुमचा पेनड्राइव्ह कुणीतरी कॉपी करणारच. तो जिथे वाजेल तिथे मंडळाचं नाव ऐकू जावं म्हणून दर तासाला दहा सेकंदांची उद्घोषणा टाका: मंडळाचं नाव, गाव, संपर्क. पुढच्या गोंधळाची सुपारी त्यातून येते, आणि मंडळाची मिळकत तशीही सुपारीवरच आहे.

नेटवर चढवताना चाली तपासा. हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. आराधी गीतं असोत की भीमगीतं, गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द बसवायची रीत जुनी आहे. कॅसेटच्या काळात कुणी विचारायला यायचं नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आता चालही ओळखते, आणि दावा लागला की उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जातं किंवा व्हिडिओच बंद होतो. ‘पाच वर्षांनंतर कुणीही गाऊ शकतं’ हे अर्धवट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीमध्ये जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची वाट आहे, पण पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी धरून. त्यात शब्द बदलायची मुभा नाही. देवीचे नवे शब्द घालायचे तर मालकाची परवानगी लागतेच. आठांपैकी दोन गाणी अशा चालीची असतील तर ती वगळा आणि सहाच चढवा. स्टुडिओनं तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेक्याचा तुकडा) वापरला असेल तर तेही विचारा. तोच लूप वापरून दुसऱ्या कुणी आधी नोंद केली असेल तर दावा तुमच्यावर येतो.

मंडळाशी करार लेखी करा, सह्यांसह. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माध्यमं एकेक करून लिहा: सीडी, पेनड्राइव्ह, स्ट्रीमिंग, व्हिडिओ, कॉलर ट्यून. २०१२च्या दुरुस्तीनंतर करारावेळी अस्तित्वात नसलेलं किंवा व्यवहारात न आलेलं माध्यम नाव घेऊन लिहिलं नसेल तर त्याचा हक्क तुमच्याकडे येत नाही. गाणारी मुख्य बाई आणि संबळवाला यांच्या सह्या वेगळ्या घ्या, मंडळाच्या प्रमुखाची एकट्याची पुरत नाही. सीडीच्या कव्हरवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं कलम ५२एनुसार बंधनकारक आहे.

चढवण्याची तारीख पंचांग पाहून ठरवा. वितरकाकडून गाणी सगळ्या ॲपवर जायला तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. घटस्थापनेला गाणं लागायचं असेल तर ते आठवडे नेमके पितृपक्षात जातात, आणि मंडळ म्हणेल पितरपाटात नवं काम नको. म्हणून फाइली गणपतीतच द्या, प्रकाशनाची तारीख घटस्थापनेची ठेवा. द्यायचं ते डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाइल), १६ बिट ४४.१, कव्हर ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं चौकोनी, आणि प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक. तो वितरक देतो. वितरक बदलला तरी क्रमांक तोच ठेवा, नाहीतर आधीचे ऐकणारे मोजणीतून तुटतात.

पैशाची आशा किती ठेवायची? स्पॉटिफाय २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळवायची नेहमीची अट हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहणं. आठ गाण्यांच्या मंडळाला पहिल्या वर्षी हे जमेल असं धरून खर्च करू नका.

काउंटरवर क्यूआरचं कार्ड ठेवायला हरकत नाही, चौकोन अडीच सेंटीमीटरहून लहान नको. त्यात एका व्हिडिओचा दुवा न देता प्लेलिस्टचा द्या. व्हिडिओ उडाला तरी कार्ड फुकट जात नाही. फुकट मिळणारा बदलता क्यूआर (ज्याचा दुवा मागाहून बदलता येतो) टाळा, त्यातले बरेचसे मुदत संपली की पैसे मागतात. मात्र नवरात्रात आणि कोजागिरीच्या पौर्णिमेला एका टॉवरवर इतकी गर्दी होते की क्यूआर उघडत नाही आणि यूपीआयही अडकतं. ते दिवस पेनड्राइव्हचे. स्पीकरवर वाजवून दाखवा, सुटे पैसे ठेवा. उरलेला माल माळेगावच्या यात्रेला न्यायचा मोह होईल. तिथे खंडोबाची गर्दी, निदान दोन गाणी खंडोबाची असतील तरच पाल ठोका.

पडून असलेल्या हजार सीडींचं काय? कव्हरवर नाव-पत्ता-वर्ष नसलेल्या आधी काउंटरवरून काढा. त्या पायरेटेड असण्याची शक्यता मोठी, आणि कलम ६३ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. अस्सल असतील त्या पाच-पाचच्या गड्डीत कमी भावानं काढून टाका, प्रत्येकीच्या दोन प्रती ठेवून.

कॅसेटींना मात्र हात लावण्याआधी थांबा. मोठ्या कंपन्यांचा माल नेटवर आहे. लातूर-नांदेडकडच्या छोट्या लेबलांनी काढलेली गोंधळ्यांची, भारुडाची, कव्वालीची कॅसेट कदाचित तुमच्याकडचीच शेवटची असेल. वाजवण्याआधी कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे असलेला नमद्याचा बारीक तुकडा पाहा. त्याचा गोंद सुकून तो पडलेला असेल तर आवाज मधूनमधून बुजतो. पाच स्क्रूंची चांगली कॅसेट घेऊन फीत तिच्यात हलवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये घालू नका, एका कॅसेटची बुरशी हेडवरून पुढच्या दहांवर जाते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, फीत एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून सैल करा, मग हेडचा बारीक स्क्रू कानानं फिरवून जिथे झांजा सर्वांत तेज ऐकू येतात तिथे थांबा. डेकच्या हेडफोनच्या भोकातून न घेता लाइन-आउटमधून घ्या, २४ बिटला, आणि खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. ती प्रत वेगळी. कव्हर दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. प्रकाशनाच्या वर्षानंतर साठ वर्षं हक्क मालकाचाच, तेव्हा हे विकायला किंवा चढवायला नाही. पण कव्हरवरच्या पत्त्यावर ते लेबल किंवा त्यांचे वारस सापडतात का ते बघा. सापडले तर करारातली माध्यमांची यादी वर दिलीच आहे.